स्पीडबोटीच्या आधी लाँच हवी

मराठी मध्यमवर्गाच्या परदेशवारीत अलीकडच्या वर्षांत एक नवे आकर्षण दाखल झाले आहे. दहा दिवसांत दहा शहरे उरकणाऱ्या बसच्या सहलीला कंटाळलेली कुटुंबे आता भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या गावी मुक्काम ठोकतात आणि त्यातला एक दिवस खासगी स्पीडबोट भाड्याने घेऊन बेटे आणि सागरी गुहा पाहण्यात घालवतात. इटलीतील काप्री, माल्टाचे कोमिनो, ग्रीसमधील लहानमोठी बेटे, क्रोएशियातील स्प्लिट ही नावे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतून आता परिचयाची झाली आहेत. सकाळी निघायचे, चार-पाच बेटांना वळसा घालायचा, एखाद्या निळ्या गुहेत शिरायचे, संध्याकाळी परत. या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र ही एका दिवसाची मौज कोणत्या व्यवस्थेच्या खांद्यावर उभी असते, याचा विचार परतल्यावर सहसा कुणी करीत नाही. तो करण्याची वेळ महाराष्ट्राच्या अगदी वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात येऊन ठेपली आहे.

आधी भूमध्य समुद्राकडे पाहू. स्प्लिटहून निघणाऱ्या स्पीडबोटींचा मुख्य थांबा म्हणजे बिशेव्हो या छोट्या बेटावरील निळी गुहा. समुद्राखालच्या कपारीतून आत शिरणाऱ्या सूर्यप्रकाशाने तिचे पाणी उजळते. माणसांना आत जाण्यासाठीचे तोंड मात्र १८८४ मध्ये सुरुंग लावून मोठे केलेले आहे. गुहेच्या तोंडाशी स्पीडबोट थांबते. आत जाण्यासाठी पर्यटकांना ठरलेल्या लहान बोटीत बसावे लागते आणि वारा वाढला की गुहा बंद होते, मग कुणी कितीही भाडे मोजलेले असो. काप्रीच्या निळ्या गुहेत तर तोंडाची उंची जेमतेम मीटरभर असल्याने पर्यटकाला वल्ह्याच्या होडीत आडवे व्हावे लागते. कोमिनोच्या निळ्या खाडीत गर्दी हाताबाहेर गेली, तेव्हा माल्टाच्या सरकारने २०२५ पासून एका वेळी चार हजार माणसांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सक्तीची केली. सहलीच्या छायाचित्रांत हे नियम दिसत नाहीत, इतकेच.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या बिशेव्होला स्पीडबोटी जातात, त्याच बेटावर व्हिस बेटाच्या कोमिझा बंदरातून सरकारी अनुदानावर चालणारी एक साधी बोटही जाते. बेटावर कायमचे राहणारे लोक अगदी मोजके. हिवाळ्यात पर्यटक नसतात, बोटीला उत्पन्न नसते, तरीही ती जाते, कारण तेथे राहणाऱ्यांचे दळणवळण ही शासनाची जबाबदारी मानलेली आहे. ग्रीसमध्ये अशा तोट्यातल्या मार्गांना लोक ‘नापीक मार्ग’ म्हणतात. व्यापारी कंपनी ज्या बेटाकडे फिरकणार नाही, तेथे सरकार कंत्राट देऊन, पैसे मोजून बोट चालवते. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या नियमावलीने बेटांसाठी अशा सार्वजनिक सेवेची अट घालण्याची मुभा सदस्य देशांना स्पष्टपणे दिली आहे. तेथे सारे आलबेल आहे असे मुळीच नव्हे. सप्टेंबर २००० मध्ये ग्रीसच्या पारोस बेटाजवळ ‘एक्स्प्रेस सामिना’ ही प्रवासी बोट खडकावर आपटून बुडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पण क्रम ध्यानात घ्यावा. तेथे बेटावर राहणाऱ्यांची बोट आधी आली, तिच्यासाठी धक्के, दीपस्तंभ, हवामानाचे इशारे आणि बंदर अधिकारी आले. स्पीडबोट या तयार घरात नंतर पाहुणी म्हणून आली.

अक्कलकुव्यात हाच क्रम उलटा होण्याची चिन्हे आहेत. समुद्रापासून दूर, सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या या तालुक्यात बेटे कोठून आली, असा प्रश्न शहरी वाचकाला पडू शकेल. उत्तर सरदार सरोवर असे आहे. नर्मदा नदी सुमारे ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते. धरणाच्या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर आणि सरासरी रुंदी १.७७ किलोमीटर. महाराष्ट्रातील ३३ गावे या जलाशयाने बाधित झाली; त्यांपैकी नऊ अक्कलकुवा तालुक्यातील आणि चोवीस शेजारच्या अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यातील. अक्कलकुव्यातले मणिबेली हे त्यांतले पहिले गाव. धरणाच्या भिंतीपासून ते काही किलोमीटरवरच असल्याने पाणी सर्वांत आधी तेथे आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मणिबेलीचा सत्याग्रह जगभर गाजला, १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला हिस्सा रद्द झाला आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना होणाऱ्या जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याविरुद्ध जगभरातील संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला याच पाड्याचे नाव दिले गेले. परिक्रमेच्या वाटेवरचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले. नर्मदा परिक्रमेची वर्णने आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाला शूलपाणीची झाडी ऐकून ठाऊक असते. त्या झाडीचा मोठा भाग आज सरोवराचा तळ आहे.

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटर झाली, २०१७ मध्ये दरवाजे बंद करण्यास परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. डोंगरउतारावरची शेते, पाडे आणि टेकड्यांची माथी तिन्ही बाजूंनी, काही ठिकाणी चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ज्याला बेट म्हणतील, त्याला पुनर्वसनाच्या कागदपत्रांत ‘टापू’ म्हणतात. जमीन बुडालेली नसली तरी तिच्याकडे जाण्याची वाट बुडाली, म्हणून भरपाईचा हक्क कुणाचा आणि किती, याचा वाद या एका शब्दाभोवती वर्षानुवर्षे चालला. हिरव्या डोंगरांनी वेढलेले ते निळे पाणी सुंदर आहे यात शंका नाही. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, ते एखाद्या युरोपीय सरोवराशी स्पर्धा करील असेच दिसते.

पण या पाण्याचा स्वभाव समुद्राहून निराळा आहे आणि तो न समजता येथे वेगवान बोटी आणणे धोक्याचे ठरेल. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. त्यामुळे तेथे बेटांचा नकाशा वर्षभर तोच राहतो. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर पाणी वापरण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. म्हणजे अठ्ठावीस मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा चढउतार. ऑक्टोबरातले बेट मे महिन्यात डोंगराची सोंड झालेले असते आणि ऑक्टोबरात ज्या जागेवरून बोट निर्धास्त गेली, तेथे उन्हाळ्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे आणि जुन्या घरांचे अवशेष पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर खोलीवर उभे असतात. वरच्या धरणांतून पाणी सुटले की पातळी झपाट्याने चढते. पक्का धक्का बांधला तर वर्षातले काही महिने तो पाण्यात बुडालेला आणि काही महिने चिखलाच्या उतारावर उंच लटकलेला राहणार. येथे तरंगता धक्काच हवा. तोही पाण्याबरोबर सरकवता येणारा. शिवाय सरोवरात मगरी आहेत. केवडियाच्या तलावात सागरी विमान उतरवण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा २०१९ मध्ये तेथील मगरी पकडून हलवाव्या लागल्या होत्या.

आता या पाण्यावर प्रत्यक्षात कोण फिरते ते पाहावे. सरोवर होण्यापूर्वी उन्हाळ्यात नदी ओलांडून पलीकडच्या काठावरच्या गावांत जाता येत असे. सोयरीक, बाजार, देवाची जत्रा, सारे दोन्ही काठांवर मिळून चाले. पाणी फुगल्यावर हा संबंध होडीवर आला. तळोदा तालुक्यातील वनजमिनीवर वसवलेल्या सोमावल, रोझवा, रेवानगर यांसारख्या वसाहतींत अनेक कुटुंबे गेली. अनेक कुटुंबे मात्र डोंगरावर, मूळ गावांच्या वरच्या अंगाला राहिली. त्यांना दवाखाना, रेशन, मोलगीचा बाजार किंवा तालुक्याची कचेरी गाठायची तर डोंगर चढायचा, नाहीतर पाण्यावरून जायचे. चिमलखेडी, धनखेडी, सिंदुरी, बामणी, डनेल, मुखडी या पाड्यांना जोडणारा सोयीचा मार्ग पाण्याचाच आहे आणि त्या मार्गावर आजही वेळापत्रक लावलेली, नियमित, सर्वांसाठीची प्रवासी लाँच नाही. अक्कलकुव्याहून देवगोई घाट ओलांडून मोलगीपर्यंत येणारी एसटी पुढे पाण्यापाशी संपते, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

सरकारला या पाण्यावरून कसे जायचे हे ठाऊक नाही असे नाही. अक्कलकुवा हा महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. निवडणूक आली की मतदान यंत्रे आणि कर्मचारी बार्जमधून बंदोबस्तात तेथे पोचतात आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना काठावरच्या पाड्यांना औषधोपचार देत आला आहे; राज्यात अशी सोय विरळाच, आणि त्यात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु दवाखाना रुग्णाकडे येतो, रुग्णाला हवे तेव्हा त्याला दवाखान्याकडे नेणारी बोट हा वेगळा प्रश्न आहे. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने पाड्यांवरच्या माता अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि ती स्वतः वल्हवत अलीगट आणि दादर या वस्त्यांवर जाऊन बालकांची वजने घेतली, गरोदर स्त्रियांना पोषण आहार पोचवला. फेरी सुमारे अठरा किलोमीटरची. देशभर तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या कौतुकात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही: शासनाच्या पोषण योजनेची कर्मचारी शासनाच्या कामासाठी उसन्या होडीतून का जात होती?

या उसनवारीची किंमत काय असते ते १५ जानेवारी २०१९ रोजी दिसले. मकर संक्रांतीच्या स्नानासाठी आणि पूजेसाठी अक्राणी तालुक्यातील भुषा येथे नर्मदेच्या काठी माणसे जमली होती. क्षमतेहून कितीतरी अधिक, साठच्या आसपास माणसे घेऊन निघालेली बोट उलटली. आसपासच्या होड्यांतील स्थानिक लोकांनी अनेकांना वाचवले. तरी किमान सहा जण बुडाले. चौकशी, मदत आणि आश्वासने यथावकाश झाली. त्या घटनेने जो मुद्दा पुढे आणला तो मात्र तिथेच राहिला. दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नसेल, तर माणसे पहिल्याच बोटीत गर्दी करणार. त्यांना अडाणी किंवा बेफिकीर ठरवून प्रश्न सुटत नाही. मुंबईची लोकल दर चार मिनिटांनी येत असूनही आपण दारात लटकतो. इथे तर पुढची बोट कुठलीच नसते.

महाराष्ट्रात अलीकडे झालेल्या जलदुर्घटना शेजारी शेजारी मांडल्या की त्यांचे दोन गट पडतात. एका गटात गरजेपोटी पाण्यावर गेलेली माणसे. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडणीच्या मजुरीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या सहा स्त्रिया होडी उलटून बुडाल्या. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जणांचा अंत झाला. दुसऱ्या गटात हौसेने गेलेले पर्यटक. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट नियंत्रण सुटून आदळली आणि पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. त्याआधी २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी अधिकाऱ्यांना घेऊन निघालेली एक स्पीडबोट मुंबईच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली होती. त्यात एकाचा मृत्यू झाला. पहिल्या गटातील अपघातानंतर बातमी जिल्हा पानावर दोन दिवस राहते. दुसऱ्या गटातील अपघातानंतर मंत्रालयात बैठक होते आणि लाइफ जॅकेटची सक्ती काही काळ तरी काटेकोर होते. प्राणांचे मोल दोन्हीकडे सारखेच असताना पाण्याच्या सुरक्षिततेचे नियम मात्र तिकीट काढणाऱ्यासाठीच जागे होतात, हे कटू वाटले तरी नोंदवले पाहिजे.

ही पार्श्वभूमी असताना सरोवराच्या तिन्ही बाजूंनी पर्यटन जवळ येत आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण झाले आणि धरणाखालचे केवडिया पाहता पाहता मोठे पर्यटनस्थळ बनले. २०२१ मध्ये तेथे रेल्वे गेली. दादरहूनही गाडी सुटू लागली. धरणाच्या खालच्या अंगाला पर्यटकांसाठी बोटफेरी सुरू झाली, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादहून सागरी विमानही सुरू झाले आणि काही महिन्यांतच थांबले. वरच्या अंगाला, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील हाफेश्वर या काठावरच्या गावाला २०२४ मध्ये वारसा गटातील सर्वोत्तम पर्यटन ग्रामाचा केंद्र सरकारचा मान मिळाला. मध्य प्रदेशाने तर आपल्या हद्दीतून पुतळ्यापर्यंत क्रूझ चालवण्याची योजना जाहीर केली आहे. नकाशा उघडून पाहिला तर मध्य प्रदेशातून केवडियाला पाण्याने जाणारी कोणतीही बोट नंदुरबारच्या काठासमोरूनच जाणार, हे कळायला अभियंता असावे लागत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील जे १११ जलमार्ग निश्चित केले, त्यांतही नर्मदेचे नाव आहे. तेव्हा अक्कलकुव्याच्या टापूंना वळसा घालणाऱ्या खासगी स्पीडबोटी आज नाहीत तर उद्या येणार, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे. त्या येतील तेव्हा नियम कुणाचे असतील?

स्पीडबोटीचा पहिला धोका तिच्यात बसलेल्यांना नसून तिच्या वाटेतल्या लहान होडीला असतो. वेगाने जाणाऱ्या बोटीमागे उठणारी लाट मोकळ्या समुद्रात पसरून विरते. सरासरी पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या आणि अनेक ठिकाणी त्याहूनही अरुंद असलेल्या, उभ्या डोंगरकड्यांमधल्या जलाशयात ती काठावर आपटून परत फिरते. पाण्याच्या पातळीपासून वीतभरच वर असलेली काठाची लाकडी होडी, तिच्यात बसलेली चार माणसे, दोन शेळ्या आणि मोलगीहून आणलेले धान्याचे पोते यांच्यासाठी ती लाट पुरेशी असते. मासेमारीची जाळी तुटतात ती वेगळीच. बुडालेल्या गावांतील काहींनी सहकारी संस्था काढून जलाशयातील मासेमारीवर पोट भरायला सुरुवात केली. शेत गेल्यावर हातात आलेले हे एकच साधन. ज्यांच्या शेतावरून पाणी फिरले, त्यांच्या जाळ्यावरून आता बोट फिरवायची असेल तर निदान त्यांना विचारून फिरवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कायदा नाही अशीही सबब सांगता येणार नाही. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय नौका कायदा केला. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, प्रशिक्षित चालक, विमा या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या आणि बिनयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही तरतूद केली. हेतू चांगला आहे. पण ही यंत्रणा राबवणारे महाराष्ट्र सागरी मंडळ मुंबईत. त्याचा जीव किनारपट्टीत गुंतलेला. कोकणातल्या बंदरावर त्याचा निरीक्षक दिसतो. मणिबेलीच्या काठावर बोटीची तपासणी करून तिच्यावर भाररेषा आखायला कोण येणार? प्रमाणपत्रासाठी डोंगरातल्या नावाड्याने मुंबईला हेलपाटे घालायचे असतील, तर तो विनापरवानाच बोट चालवणार आणि अपघात झाला की गुन्हेगारही तोच ठरणार. उलट बाहेरून येणाऱ्या भांडवलदार कंत्राटदाराला कागदपत्रे जमवणे सोपे. कागद चोख असले म्हणजे बोट सुरक्षित असतेच असेही नाही. केरळात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी बावीस जणांचा बळी घेणारी पर्यटन बोट मुळात मासेमारीची होती, तिला वर मजला चढवला होता. वडोदऱ्याच्या हरणी तलावाचे काम महापालिकेने रीतसर खासगी कंत्राटाने दिले होते. तेथे १८ जानेवारी २०२४ रोजी बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या, कारण बोटीत माणसे जास्त होती आणि सर्वांना लाइफ जॅकेट नव्हते.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. या प्रश्नाचे उत्तर दयाबुद्धीत शोधण्याची गरज नाही. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने सरदार सरोवराच्या वीजनिर्मितीतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला आणि या धरणामुळे मध्य प्रदेश व महाराष्ट्रात होणाऱ्या विस्थापनाच्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातवर टाकला. वीज मिळते ती राज्याला. वाट बुडाली ती नऊ अधिक चोवीस गावांची. बुडालेल्या वाटेऐवजी पाण्यावरची वाट देणे हा प्रकल्पाच्या खर्चाचा राहून गेलेला भाग आहे. रस्ता बुडाला असता तर पर्यायी रस्ता प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला गेला असता. पायवाट आणि नदीचा उतार बुडाला, म्हणून तो कुणी धरलाच नाही.

पर्यटनाला सरसकट विरोध करणारी भूमिकाही मात्र पटण्यासारखी नाही. या भागातले तरुण दरवर्षी ऊसतोडीला आणि बांधकामावर दक्षिण गुजरातेत जातात. पाड्यावरच चार महिने रोजगार मिळाला, तर तो कुणाला नको आहे? काठीची राजवाडी होळी, मोलगीची मिरची आणि भगर, डाब परिसरातील देवमोगरा मातेची श्रद्धास्थाने, हे सारे बाहेरच्या माणसाला दाखवावे असेच आहे. प्रश्न आहे तो मालकीचा. केवडियाच्या परिसरातील सहा गावांची तक्रार आपल्यासमोर आहे: १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणाच्या वसाहतीसाठी म्हणून घेतलेली जमीन पुढे पर्यटनासाठी वापरली गेली आणि मूळचे लोक रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर आले. न्यायालयात त्यांना यश मिळाले नाही. पण कायद्याने तक्रार संपली तरी काठावरची माणसे तिथेच असतात. अक्कलकुव्यात तेच पुन्हा घडवण्यापूर्वी थांबून विचार करायला अजून अवसर आहे.

यासाठी क्रोएशियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. केरळात १९६८ पासून राज्य जलवाहतूक विभाग आहे. वेंबनाडच्या काठावरची मुले त्याच्या बोटीने शाळेत जातात आणि त्याच बोटीत स्वस्तात फिरणारा पर्यटकही बसतो. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली कोचीची जलमेट्रो बेटांवरच्या रहिवाशांना डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. तरंगते धक्के, विजेवर चालणाऱ्या बोटी, ठरलेली प्रवासीसंख्या. आज तिच्यात पर्यटकांची झुंबड असते आणि त्या तिकिटांचा फायदा रहिवाशांच्या फेऱ्यांना होतो. नर्मदेच्या काठावर एवढी मोठी व्यवस्था कुणी मागत नाही. दोन-तीन मजबूत लाँच, पाण्याबरोबर सरकणारे सात-आठ धक्के, बुडालेल्या झाडांच्या जागा दाखवणारे तरंगते पिंप, रोजची पाणीपातळी सांगणारा एक फलक आणि पाड्यांवरच्याच तरुणांना चालकाचे प्रशिक्षण व परवाना देणारे, तळोद्यालाच भरणारे वर्षातून एक शिबिर. आरंभ एवढ्याने होऊ शकतो. पर्यटकांच्या बोटींचे परवाने द्यायचेच झाले तर ते मासेमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्याने द्यावेत. पाड्यांच्या समोर वेगाची मर्यादा असावी, आणि प्रत्येक पर्यटन तिकिटातील ठरावीक रक्कम रहिवाशांच्या लाँचच्या डिझेलसाठी बाजूला पडावी.

यातले एकही काम अवघड नाही, पण प्रत्येक काम दुसऱ्या खात्याचे आहे. धक्का नर्मदा विकास विभागाचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, बोटीची नोंदणी सागरी मंडळाची, प्रशिक्षणाचा खर्च तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचा, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याचा, आणि पर्यटनाचा परवाना पर्यटन संचालनालयाचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या सर्वांना एका टेबलाशी बसवून जलाशयासाठी एकच जबाबदार अधिकारी नेमणे, ही पहिली पायरी. त्यासाठी कोणता नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. सरोवर दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात भरते आणि त्यानंतरचे चार-पाच महिने पाण्यावरची वाहतूक सर्वाधिक असते. संक्रांतीचे स्नानही त्याच काळात येते. जिल्हा वार्षिक योजनेची आखणी त्याआधी होते. येत्या आखणीत अक्कलकुवा आणि अक्राणीच्या प्रवासी लाँचसाठी स्वतंत्र तरतूद दिसते की पर्यटनाच्या शीर्षाखाली आधी स्पीडबोटीच दिसतात, हे नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा नियोजन समितीने ठरवायचे आहे.